ग्रॉस, टेअर, नेट

दसरा झाला की आमच्या शाळेची हजेरी गळायला लागते. बीड जिल्ह्यातला शिरूर कासार तालुका. जमीन हलकी, विहिरीला पाणी जानेवारीपर्यंत पुरलं तरी खूप. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला नवरा-बायको ऊसतोडीला जातात. दोघं मिळून एक ‘कोयता’. आमच्याकडे माणसं अशी हत्यारावर मोजली जातात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी सोलापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात. ज्यांच्या घरी आजी-आजोबा धडधाकट आहेत ती मुलं मागं राहतात आणि हंगामी वसतिगृहात जेवतात. बाकीची भांडी, सरपण, शेळी यांच्याबरोबर ट्रकमध्ये चढतात आणि उन्हाळा तापल्यावर परत येतात. जाताना त्यांच्या हाती शिक्षण हमी कार्ड दिलं जातं, म्हणजे जिथं जातील तिथल्या शाळेत त्यांना बसता यावं. फडापासून ती शाळा किती लांब असते, हे कार्डावर नसतं.

2014 ची गोष्ट. मी सातवीला इंग्रजी शिकवत होते. दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा आठवडा होता. एक मुलगी टेबलाजवळ येऊन उभी राहिली.

“मॅडम, पुढच्या धड्यांची उत्तरं आत्ताच लिहून द्या ना. आम्ही सोमवारी निघणार.”

मला तिचं भारी कौतुक वाटलं. पोरगी कारखान्यावर जाऊनसुद्धा अभ्यास करणार! मी दोन दिवस फळा भरत राहिले. दुसऱ्या सत्रातल्या सगळ्या धड्यांची प्रश्नोत्तरं, एकाखाली एक. फळा भरला की पुसायचा, पुन्हा भरायचा. मुलं माना खाली घालून उतरवून घेत होती. त्या दिवशी घरी जाताना हात दुखत होता आणि मन भरून आलं होतं.

एप्रिलमध्ये ती परत आली. वही नीट जपलेली, कव्हर घातलेली. अक्षर तर मोत्यासारखं. मी तिला त्यातलं एक उत्तर वाचायला सांगितलं. ती दुसऱ्या शब्दाला अडली. पुढचं उत्तर, तिथंही तेच.

“वाचलंस का गं तिकडे कधी?”

“उघडलं होतं मॅडम. पण तिथं वाचून दाखवायला कुणीच नव्हतं.”

ती तक्रार करत नव्हती. जे होतं ते सांगत होती. पण त्या वाक्यानं माझी आठ वर्षांची मास्तरकी माझ्यासमोर उभी केली. धडा मी वाचायचा, अर्थ मी सांगायचा, उत्तर मी लिहायचं, मुलांनी ते उतरवायचं, पाठ करायचं आणि परीक्षेत परत मलाच द्यायचं. मी वर्गात असले तरच इंग्रजी असायची. मी नसले की त्या वहीतल्या नुसत्या वळणदार रेघा.

गंमत म्हणजे मी स्वतः इंग्रजी अशी शिकलेच नव्हते. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायची. पहिलीपासून ती आली 2000 साली. शाळेत जे शिकवलं त्यातलं फारसं आठवत नाही. आठवते ती आजोबांच्या ट्रंकेतली तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. कंदिलाशी बसून मी रोज एक पाठ करायचे. अवघड वाटला तर तोच दुसऱ्या दिवशी पुन्हा. कंटाळा आला तर चार पानं उडी मारून पुढं. पुस्तक जुनं, वाक्यं त्याहून जुनी, तरीही माझी इंग्रजी त्यातूनच आली. वेग माझा होता, चुका माझ्या होत्या, म्हणून दुरुस्तीही मलाच करावी लागत होती. मास्तरीण झाल्यावर मात्र हे सगळं मी विसरले आणि खडू हातात घेऊन “लिहून घ्या” म्हणायला लागले.

2015 च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या निघाल्या. मूल आपलं ज्ञान स्वतःच रचतं, असं सांगणारा ज्ञानरचनावाद हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी झाला. परत येऊन आम्ही काय केलं? शाळेची फरशी रंगवली. इंग्रजी अक्षरं, चित्रं, शब्दांच्या गाड्या. फरशी बोलकी झाली, पण मुलं बोलेनात. कारण फरशीवर काय रंगवायचं तेही आम्हीच ठरवलं होतं.

त्यानंतर औरंगाबादला एका प्रशिक्षणात तज्ज्ञ मार्गदर्शकांनी लेनी डॅम या डॅनिश शिक्षिकेबद्दल सांगितलं. 1973 च्या सुमारास कोपनहेगनजवळच्या कार्ल्सलुंडेच्या शाळेत तिच्यासमोर चौदा वर्षांची, शिकण्याला कंटाळलेली मुलं होती. तिनं काय करायचं, कसं करायचं आणि झालं का, या तिन्हींत मुलांना ओढलं. प्रत्येकाची एक नोंदवही. आज काय केलं, ते कसं झालं, पुढं काय, हे मुलानंच लिहायचं. मी शेजारच्या बाईंच्या कानात म्हटलं, “डेन्मार्कात ऊसतोड नसते.” दोघी हसलो. पण त्याच व्याख्यानात हेन्री होलेक यांचं नाव आलं. भाषा शिकणाऱ्यानं स्वतःच्या शिकण्याची सूत्रं हाती घेणं, याबद्दल त्यांनी 1979 साली युरोप परिषदेसाठी अहवाल लिहिला होता. त्यातला एक मुद्दा माझ्या डोक्यात अडकून राहिला. ही क्षमता कुणी जन्मतः घेऊन येत नाही; ती कमवावी लागते.

तो मुद्दा ऐकला खरा, पण समजला उशिरा. जून 2016 मध्ये मी मोठ्या उत्साहानं वर्गात गेले आणि म्हणाले, “आज काय शिकायचं ते तुम्हीच ठरवा.”

वर्गात चिडीचूप. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग एकानं हळूच विचारलं, “खेळायचं?” दहा मिनिटांत अर्धा वर्ग मैदानावर होता. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मुख्याध्यापक खिडकीतून म्हणाले, “बाई, वर्ग जरा आवरा.” आणि चौथ्या दिवशी मागच्या रांगेतल्या एका पोरानं खऱ्याखुऱ्या काळजीनं विचारलं, “मॅडम, तुमाला आमाला शिकवायचा कंटाळा आलाय का?”

त्याचं चुकलं नव्हतं. सहा वर्षं ज्यांना समास कुठं आखायचा हेसुद्धा विचारून करायला लावलं, त्यांना एका सकाळी ‘ठरवा’ म्हणणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलणं. आमच्याकडे पोहायला शिकवताना पोराच्या पाठीला वाळलेले भोपळे बांधतात, आणि ते एकेक करून सोडतात. मी सगळे एकदम सोडले होते.

मग खालून सुरुवात केली. धड्याखालच्या पाच प्रश्नांपैकी कोणतेही तीन सोडवायचे आणि तेच का निवडले ते सांगायचं. पहिले कित्येक दिवस सगळ्यांचं कारण एकच, “सोपे आहेत म्हणून.” मी ते चालवून घेतलं. ऑगस्टमध्ये एका मुलानं सांगितलं, “हा मला येत नव्हता, म्हणून घेतला.” त्या दिवशी मी टेबलामागं तोंड लपवून हसले.

दुसरी गोष्ट श्रुतलेखनाची. आधी मी वीस शब्द घालायचे, आता प्रत्येकानं आपले पाच शब्द निवडायचे, शेजाऱ्यानं ते घालायचे आणि आपलं आपण पुस्तकात बघून तपासायचं. पहिल्या दिवशी अख्ख्या वर्गाला पैकीच्या पैकी! स्पेलिंगं चुकलेली, गुण पाच. मी काही बोलले नाही. गुण नोंदवलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सांगितलं, काल जे आले नसतील ते शब्द आज परत घ्या. ज्यांनी स्वतःला फसवलं होतं त्यांची पंचाईत झाली, कारण त्यांच्याकडे ‘न आलेले’ शब्दच नव्हते. आठवड्याभरात गुण खाली आले आणि वह्या खऱ्या व्हायला लागल्या. बक्षीस नाही, शिक्षा नाही, तर खोटं लिहून मिळणार काय? हे मुलांना माझ्याआधी कळलं.

तिसरी गोष्ट शुक्रवारची. तासाची शेवटची दहा मिनिटं तीन ओळी लिहायच्या. काय आलं, काय नाही आलं, सोमवारी मी काय करणार. मराठीत. इंग्रजीच्या तासाला मराठी लिहून घेता म्हणून एका सहकाऱ्यानं मला टोकलं. पण स्वतःच्या शिकण्याबद्दल विचार करायचा तर तो ज्या भाषेत येतो त्याच भाषेत करावा लागतो. सुरुवातीला सगळ्या वह्यांत एकच मजकूर, “आज खूप छान वाटले. मॅडम छान शिकवतात.” दोन महिने हे कौतुक वाचून मी कंटाळले. मग एकदा एका वहीत वाचलं, “रीड आणि रेड यांचं स्पेलिंग एकच आहे. मग वाचताना ओळखायचं कसं?” याचं उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं आणि तो प्रश्न तसाच फळ्यावर लिहिला. तीन दिवस तो तिथं होता. तिसऱ्या दिवशी एक मुलगी म्हणाली, “यस्टर्डे असलं की रेड म्हणायचं.” नियम पुरा नव्हता, पण तिचा होता.

एक कबुली इथंच देते. वर्गात सहा मुलांना साधं वाक्यही वाचता येत नव्हतं. त्यांच्यापुढं पाच प्रश्न ठेवून ‘निवडा’ म्हणणं हा फार्स झाला असता. त्यांना मी मधल्या सुट्टीनंतर घेऊन बसायचे. अक्षराचा आवाज, दोन अक्षरांचा आवाज, शब्द. तिथं सगळं मीच ठरवत होते आणि त्याची मला लाज वाटत नाही. पायाखाली जमीन नसताना कुणाला कुठं चालायचं ते विचारू नये.

दिवाळी आली. त्या वर्षी 21 मुलं जाणार होती. “उत्तरं लिहून द्या” ही मागणी पुन्हा झालीच. मी उत्तरांऐवजी प्रत्येकाला शंभर पानी वही दिली, तिला दोऱ्यानं पेन्सिल बांधलेली. पानावर चार रकाने. काय दिसलं किंवा ऐकू आलं, कुठं, मला वाटलेला अर्थ, खात्री कशी केली. आठवड्याला पाच नोंदी, जमेल तशा. इंग्रजी कुठं असणार तिकडं, असं एकानं विचारलं. मी म्हटलं, “ते तूच मला येऊन सांग.”

एप्रिलअखेर 11 वह्या परत आल्या. तीन हरवल्या, त्यातली एक चुलीत गेली. सात मुलं शाळा सुटेपर्यंत परतलीच नव्हती. ज्या वह्या आल्या, त्या मी घरी नेऊन रात्री वाचत बसले. अशा वह्या मी आजवर तपासल्या नव्हत्या. ट्रॅक्टरच्या मडगार्डवरचे शब्द, बिस्किटाच्या पुड्यावरचं वजन, खताच्या गोणीवरची सूचना, ट्रकमागचं ‘हॉर्न ओके प्लीज’. एकानं फोनमधल्या बाईचं वाक्य ऐकून देवनागरीत जसंच्या तसं उतरवलं होतं, सगळे शब्द एकमेकांना चिकटलेले. खाली लिहिलं होतं, “हे तोडून द्या.” वर्गानं दोन तास घालवून ते तोडलं.

एका मुलानं साखरेच्या पोत्यावरचं ‘यूज नो हुक्स’ टिपलं होतं. मला वाटलेला अर्थ: हुक वापरू नका. खात्री कशी केली: हमाल हुकच लावून ओढत होता, म्हणून माझा अर्थ चुकला असेल.

त्याचा अर्थ अगदी बरोबर होता. ते त्याला सांगताना मला हसू आवरत नव्हतं. पण मनात म्हटलं, जग पाहून आपला अर्थ तपासणारा हा पोरगा माझ्या फळ्यावरून कधीच तयार झाला नसता.

आणि एक वही अशी, जिच्यात पानभर एकच नोंद. या मुलीचे वडील बैलगाडीनं ऊस वाहायचे. कारखान्याच्या काट्यावर रात्र-रात्र नंबर लावून थांबायचं, गाडीचं वजन करायचं, ऊस उतरवायचा, रिकाम्या गाडीचं पुन्हा वजन करायचं, मग पावती. तिनं पावती पाहून तीन शब्द आणि तीन आकडे उतरवले होते. ग्रॉस 3.840, टेअर 1.320, नेट 2.520.

मी वर्गात तिला ती नोंद वाचायला लावली. टेअर हा शब्द आला तसं मी म्हणाले, “हा शब्द इथं कसा? टेअर म्हणजे फाडणं. छापताना चूक झाली असेल, स्पेलिंगही चुकलंय बघ.”

ती म्हणाली, “नाही मॅडम. टी-ए-आर-ई. सगळ्या पावत्यांवर तसंच हाय. टेअर म्हणजे रिकामी गाडी, बैलांसकट.”

“कशावरून?”

“मी वजाबाकी करून पाहिली. मोठ्यातून टेअर गेलं की नेट उरतं. नेट म्हणजे ऊस. दादांनी सांगितलं, मोकळ्या गाडीचं वजन रोज तेवढंच भरतं.”

मी कपाटातला शब्दकोश काढला. चाळीस वर्षांची बाई सातवीच्या वर्गासमोर उभी राहून शब्द शोधते आहे, पोरं माना उंचावून बघताहेत. सापडला. तिचं बरोबर होतं. बैलांचा उल्लेख शब्दकोशात नव्हता तेवढाच.

त्यानंतरचा तास तिनं घेतला. फळ्यावर गाडी काढली, गाडीत ऊस काढला, मग ऊस पुसला. ग्रॉस, टेअर, नेट. मी मागच्या रांगेत बसले. ज्या पोराला माझ्या कंटाळ्याची काळजी वाटली होती, त्यानं तिला विचारलं, “बिस्किटाच्या पुड्यावरचं नेट हेच का?” तिनं मान हलवली. वर्गातल्या बहुतेकांचे आईबाप ज्या आकड्यावर जगतात, तो आकडा कसा निघतो हे वर्गाला त्या दिवशी इंग्रजीच्या तासाला कळलं.

पुढं वाचताना एन. एस. प्रभू यांच्या प्रयोगाबद्दल कळलं. 1979 ते 1984 या काळात बंगळूर आणि चेन्नईकडच्या शाळांत त्यांनी मुलांना नियम पाठ करायला न देता नकाशे, वेळापत्रकं अशी सोडवायची कामं दिली. काम सोडवण्यात लक्ष गुंतलं की भाषा मागून येते, अशी त्यांची मांडणी. माझ्या वर्गात ते काम काट्याच्या पावतीवरून आलं, आणि ते मी दिलंही नव्हतं.

याचा निकाल काय लागला, असं केंद्रप्रमुखांनी विचारलं. खरं ते सांगितलं. संकलित परीक्षेचे गुण थोडे वाढले, फार नाही. पेपर अजून पाठांतराचेच असतात. आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी मात्र मला आता खोट्या भराव्या लागत नाहीत; वह्याच बोलतात. काम कमी झालं नाही, वाढलं. एकच उत्तर चौतीस वेळा तपासणं सोपं असतं. चौतीस वेगळी उत्तरं वाचायला रात्र जाते. आणि सगळीच मुलं तरली असंही नाही. काही वह्या दरवर्षी कोऱ्या येतात. काही मुली वहीसकट परत येतच नाहीत, त्यांची लग्नं होतात. चार रकान्यांच्या वहीनं ते थांबत नाही, आणि थांबतं असा आव मी आणणार नाही.

2020 च्या मार्चमध्ये सगळ्या राज्याच्या शाळा बंद झाल्या. आमचे मजूर कारखान्यांवरच अडकले. एप्रिलच्या उत्तरार्धात त्यांना परतायची परवानगी मिळाली. त्या दिवसांत शहरातल्या शिक्षक मैत्रिणी फोनवर विचारायच्या, “शिक्षक समोर नाही, आता मुलं शिकणार कशी?” आमच्या मुलांना हा प्रश्न दरवर्षी दिवाळीला पडत होता, आणि आम्ही त्यावर फळा भरून उत्तरं देत होतो.

शिक्षक वाचकांना एवढंच सांगेन. सगळं एकदम सोडू नका, माझ्यासारखे तोंडावर पडाल. उद्याच्या तासाला पाच प्रश्नांतले तीन निवडायला सांगा आणि का निवडले ते विचारा. कारण ‘सोपे आहेत म्हणून’ असंच येईल. येऊ द्या, आणि परवा पुन्हा विचारा.

या दिवाळीला आमच्या शाळेतून 19 मुलं गेली. 19 वह्या गेल्या. किती परत येतील ते एप्रिलमध्ये कळेल.